बिनघोर सिंधुबाई

आमच्याकडं एखाद्याला शिवी द्यायची असेल आणि त्याच तोंडानं कौतुकही करायचं असेल, तर एकच शब्द पुरतो. बिनघोर. घोर म्हणजे जिवाला लागून राहिलेली काळजी. ती ज्याला लागत नाही तो बिनघोर. अर्थ एवढाच, पण कुणी, कुणाला आणि कसल्या आवाजात म्हटलं यावर सगळं ठरतं. पोरीचं लग्न उरकून बाप बाजेवर टेकतो आणि म्हणतो, "आता बिनघोर झालो." तोच शब्द त्याची बायको पोराला वापरते. विहिरीवरच्या मोटारीची लाइट येऊन गेली तरी तो अंथरुणात लोळत असतो, आणि ती अंगणातून ओरडते, "पडलाय बघा कसा बिनघोर!" इंदापूरच्या रस्त्यात एखादा वळू मधोमध बसून रवंथ करतो, एसटीसुद्धा त्याला वळसा घालून जाते. त्याच्याकडं बघून लोक "काय बिनघोर बसलाय" म्हणतात तेव्हा आवाजात चक्क हेवा असतो.

बिनधास्त माणसाची गोष्ट वेगळी, त्याला बघणारं कुणीतरी लागतं. बेफिकीर माणसात थोडी गुर्मी असते. निवांत तर काय, काम आटपलं की कुणीही होतो. बिनघोर माणूस काम पुढ्यात पडलेलं असताना आणि आजूबाजूला आरडाओरडा चालू असताना बिनघोर असतो.

आणखी एक बारकावा आहे. पुरुष बिनघोर असला तर "राजा माणूस". बाई बिनघोर असली की शब्दाच्या आधी "काय बाई तरी" लागतं.

निरवांगीची सिंधुबाई अशी "काय बाई तरी बिनघोर" होती. म्हणजे आहे, अजून चांगली ठणठणीत आहे. तिच्या डाळिंबाच्या बांधाला लागून आमचं वांग्याचं रान. मी तिला काकी म्हणतो.

काकीचं माहेर मेंढरांमागं फिरणारं. लहानपणी दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा आणि कळपामागं कोकणाच्या दिशेनं चालू लागायचं. आज या रानात, उद्या त्या रानात. काकी सांगते की तिला कळायला लागल्यापासून ती कधी एका जागी सलग झोपलीच नाही, म्हणून कुठंही झोप लागते. मेंढरं गेली, भावांनी जमिनी घेतल्या, काकी लग्न होऊन निरवांगीला आली, आणि पाटाच्या पाण्यावर डाळिंब, मिरची, वांगी करू लागली. कामाला वाघीण. फक्त काळजी हे काम तिनं कधी अंगाला लावून घेतलं नाही.

ते खातं गेणूतात्यांकडं होतं. तात्या म्हणजे काकीचा नवरा. ढग आले की डाळिंबावर डाग पडेल म्हणून तात्यांना घोर. ढग गेले की पाण्याचा घोर. पोरगी वैष्णवी स्कूटीवरून कॉलेजला गेली की गाडी घसरेल म्हणून घोर, आणि वेळेवर घरी आली की "आज तास झालं न्हाईत का?" म्हणून घोर.

मागं एकदा उसात बिबट्या शिरल्याची हाळी उठली. माणसं काठ्या घेऊन टोळीनं रानात जाऊ लागली. काकी एकटीच गवत कापायला गेली. तात्या बांधावर उभे राहून ओरडले, "आगं ये बाहीर! बिबट्या हाय तितं!"

काकीनं मान वर केली नाही. "आसूद्या की. त्यो काय गवात खातोय व्हय?"

बिबट्या आला नाही. तात्यांचा रक्तदाब मात्र वाढला, आणि वाढत वाढत एक दिवस छातीत कळ आली. बारामतीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्प्रिंग बसवावी लागेल. भरदुपारी तात्यांना आत घेतलं. बाहेर आम्ही दहाबारा जण उभे, कुणी भिंतीला टेकलेलं, कुणी देवाचं नाव घेतंय. काकीनं पिशवीतली चादर काढली, बाकड्यावर अंथरली आणि आडवी झाली. थोड्या वेळानं घोरायलाही लागली. तिकडं बसलेल्या परक्या बायका एकमेकींकडं बघून डोळे मोठे करू लागल्या.

नर्सनं येऊन तिला हलवलं. "मावशी, तुमचे पेशंट आत आहेत ना?"

"व्हय. आतच हायत."

"मग तुम्ही झोपलाय कशा?"

"मग काय करू? स्प्रिंग मला बसवायची हाय का?"

नर्स तोंडाला रुमाल लावून आत गेली. गंमत पुढंच आहे. तात्यांनी नंतर मला सांगितलं की आत टेबलावर ते देवाला नवस बोलत होते. दार उघडलं की बाहेरचा आवाज आत यायचा, आणि त्यात त्यांना ओळखीचं घोरणं ऐकू आलं. "म्हणलं, ही झोपलीय म्हंजी मी काय मरत न्हाय. मग मला बी जरा डुलकी लागली."

मी एकदा बांधावर बसलो असताना तिला विचारलं होतं, "काकी, तुला खरंच काही वाटत नाही का गं?"

ती मिरच्या खुडत म्हणाली, "वाटतंय की. पर घोर हा मेंढरावानी असतो बाबा. एक मेंढरू आत घेतलं की मागनं समदा कळप शिरतो. मग वाड्यात आपल्यालाच जागा उरत न्हाय. म्हणून पयलंच मेंढरू दारातनं हाकलायचं."

पुढं वैष्णवीचं लग्न ठरलं. मुलगा ऋषिराज, सोमेश्वरनगरकडचा, बारामतीत गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. सालस पोरगा. त्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले, आई छबूबाईनं वाढवलेला. पण घरात चालायचं ते त्याच्या चुलत्याचं, आप्पांचं. आप्पांची बायकोही जाऊन बरीच वर्षं झालेली. ते शेजारच्या घरात राहायचे आणि जेवायचे छबूबाईच्या हातचं. मीठ किती घालायचं इथपासून पोराला कुठली मुलगी करायची इथपर्यंत आप्पा ठरवायचे. त्यांच्याकडं एक हत्यार होतं. ते रुसायचे. रुसले की जेवण बंद, बोलणं बंद, आणि सगळं घर हात जोडून उभं राहीपर्यंत उठणं बंद. छबूबाईचं अर्धं आयुष्य त्यांच्या उंबऱ्यावर ताट घेऊन उभं राहण्यात गेलं होतं.

लग्न एप्रिलच्या उन्हात, रस्त्याकडेच्या मंगल कार्यालयात. आमच्याकडच्या लग्नात मुहूर्तापेक्षा माइकला मान जास्त. कोण आलं, कुठून आलं, कुणाचं कोण लागतं, याची घोषणा व्हायची, मग फेटा, मग शाल, मग दोन शब्द. आप्पांना हे सगळं पाहिजे होतं आणि तेही सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांच्या देखत. म्हणून ते मुद्दाम उशिरा निघाले. इकडं भटजींना दुसरं लग्न होतं. त्यांनी डोळे वटारल्यावर माइकवाल्यानं सत्कार आवरते घेतले. अंतरपाट धरला गेला, आणि त्याच वेळी आप्पांची पांढरी गाडी फाटकातून आत आली.

आप्पा उतरले. त्यांचं नाव पुकारलं गेलं नाही. फेटा घेऊन कुणी पुढं आलं नाही. आप्पांनी चारी दिशांना एकदा नजर टाकली, आले तसे मागं फिरले, गाडीत बसले, काच वर केली आणि ड्रायव्हर सिद्धूला म्हणाले, "एसी लाव. लगीन थांबवा म्हणावं."

एवढं पुरलं. छबूबाई अक्षतांची वाटी हातात तशीच घेऊन गाडीकडं पळाली. ऋषिराजकडची मोठी माणसं मांडव सोडून गाडीभोवती गोळा झाली. तात्या फेटा, नारळ आणि शाल असं सगळं एकदम छातीशी धरून धावत सुटले. नारळ दोनदा खाली पडला. "आप्पा, चुकी झाली, पदरात घ्या," असं ते बंद काचेला सांगत होते. काचेतून आप्पांचा गॉगल तेवढा दिसत होता.

तात्या परत मांडवात आले ते घामानं निथळत. काकी मुलीच्या मागं उभी राहून तिच्या मुंडावळ्या सारख्या करत होती.

"आगं, आप्पा रुसलं!"

"बरं," काकी म्हणाली.

"बरं काय बरं? गाडीत जाऊन बसल्यात!"

"एसी हाय का गाडीत?"

"हाय."

"मग चांगलं हाय की. हितं किती उकडतंय."

काकीनं भटजींना विचारलं, जरा थांबलं तर चालंल का? भटजी म्हणाले, मुहूर्त काय, थोडा पुढचाही आहे, पण मला जायचंय. "मग तुमी बी जेवून घ्या," असं म्हणून काकी सरळ भटारखान्यात गेली. आचाऱ्यानं मसालेभाताच्या पातेल्यावरचं झाकण काढलं होतं, जिलबीचा शेवटचा घाणा तुपातून निघत होता.

"वाढा पंगत," काकी म्हणाली.

आचारी दचकला. "लग्नाच्या आधी?"

"भात गार झाल्यावर वाढणार का? लगीन काय गार हुत न्हाय."

पानं मांडली. पण पहिलं कोण बसणार? मुलीकडची माणसं एकमेकांच्या मागं लपू लागली. तेव्हा नवरीची आई, जिनं त्या दिवशी उपाशीपोटी सगळ्यांच्या पाया पडत हिंडायचं असतं, ती पहिल्या पंगतीच्या पहिल्या पानावर मांडी घालून बसली आणि तिनं भातावर तूप मागून घेतलं.

मांडवात कुजबुज उठली. "काय बाई तरी! पोरीचं लगीन मोडाय लागलंय आन् ही जेवतीया!" हे म्हणणारी बाई नवऱ्याकडची होती. पण ती पहाटे घरून निघालेली, आणि मसालेभाताचा वास तिच्याही नाकात शिरलाच होता. ती काकीच्या शेजारच्या पानावर बसली, ते रागानंच. तिच्यामागं तिची जाऊ बसली. मग त्यांचे नवरे त्यांना समजवायला आले आणि वाढप्यानं त्यांच्याही पुढ्यात जिलब्या टाकल्या.

गाडीभोवतालची गर्दी अशी एकेक करून पातळ झाली. आप्पांनी काच दोन बोटं खाली केली आणि सिद्धूला पाठवलं, काय चाललंय बघून ये. सिद्धू पन्नाशीचा, आप्पांकडं बरीच वर्षं गाडीवर असलेला. तो बघून आला.

"जेवायला बसल्यात."

"कोण?"

"समदी."

"आपली माणसं?"

"आपलीच आधी बसल्यात."

आप्पांनी काच पुन्हा वर केली. थोडा वेळ गेला. सिद्धू म्हणाला, "आप्पा, जरा पाणी पिऊन येतो." तो उतरला, आणि सवयीनं किल्ली काढून खिशात टाकून गेला. पाणी पंगतीच्या टोकाला होतं. तिथं पाण्याबरोबर त्याला पानही मिळालं.

एप्रिलचं ऊन, बंद गाडी, बंद एसी. आप्पा किती वेळ आत टिकले कुणी मोजलं नाही. पण दार उघडून ते बाहेर आले तेव्हा गॉगल घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता आणि पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता. हे ऐतिहासिक उतरणं बघायला त्या आवारात कुणीच नव्हतं. नळावर हात धूत होती तेवढी काकी.

"आला व्हय आप्पा?" ती म्हणाली, जणू ते आत्ताच गावाहून आलेत. "चला, बसा. मठ्ठा संपत आलाय."

आप्पांनी गॉगल वर सरकवला. "तुमाला काय घोर हाय का न्हाय, विहीणबाई? पोरीचं लगीन हाय!"

"हाय की घोर. मालक करत्यात न्हवं?" काकीनं मांडवाकडं बोट दाखवलं. तिथं तात्या रिकाम्या खुर्चीत फेटा मांडीवर घेऊन बसले होते. "दोघांनी बी घोर केला तर जेवायचं कुणी?"

आप्पा जेवले. जिलब्या तर दोनदा मागून घेतल्या. जेवल्यावर तात्यांनी त्यांच्या डोक्यावर फेटा बांधला, माइकवाल्यानं त्यांचं नाव तीन विशेषणं लावून पुकारलं, पण तोपर्यंत सगळे विडा खाण्यात गुंतले होते, टाळ्या पडल्या नाहीत. मग लग्न लागलं. मंगलाष्टकं चालू असताना अक्षता कुणाच्या हातून सुटेनात, कारण जिलबीच्या पाकानं त्या बोटांनाच चिकटल्या होत्या. ऋषिराजनं हार घालताना वैष्णवीच्या हनुवटीला केशरी तुकडा चिकटलेला बघितला आणि त्याला हसू आवरेना. पोरीनं अंतरपाटाआडून हात लांब करून कुणाकडून तरी जिलबी मिळवली होतीच. आईवर गेलेली.

लग्न पार पडलं, पण शब्द मागं राहिला. सोमेश्वरनगरच्या बाजूला "बिनघोर घरची सून" हे वैष्णवीचं नावच पडलं. दूध उतू गेलं, बिनघोर. दुपारी पुस्तक घेऊन बसली, बिनघोर. छबूबाई वाईट नव्हती, पण सतत धास्तावलेली. चहा देताना तिचा कप बशीवर वाजायचा. एकदा ती वैष्णवीला म्हणाली, "अगदी आईवानी बिनघोर हायस बघ." वैष्णवीनं रडवेल्या आवाजात आईला फोन केला.

काकी म्हणाली, "बरोबर वळखलं की त्यांनी. मग कुणावानी आसणार तू?"

तात्यांना त्या फोननं आठवडाभर जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी एका सकाळी आमच्या फाट्यावर एसटी थांबली आणि छबूबाई एकटीच उतरली. हातात पिशवी. ती कधी एकटी प्रवास करत नसे. तात्या पळत गेले. "काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?"

"पोरगी बरी हाय. मीच आले," छबूबाई म्हणाली. काकीच्या ओसरीवर येऊन बसली आणि पाणी प्यायची सुद्धा वाट न बघता हसायला लागली. हसता हसता तिनं सगळं सांगितलं.

त्यांच्या घराला रंग द्यायचा होता. आप्पांनी पिवळा सांगितला होता. वैष्णवीला डाळिंबी आवडला, ऋषिराजला आवडला, आणि छबूबाईनं आयुष्यात पहिल्यांदा कबूल केलं की तिलाही पिवळ्याचा वीट आलाय. डाळिंबी दिला. आप्पा रुसले. आपल्या घरात जाऊन कडी लावून बसले. नेहमीप्रमाणं छबूबाई डोक्यावर पदर घेऊन ताट घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली. भाकरी, पिठलं, ठेचा, कांदा. "भावजी, दोन घास खावा." आतून आवाज नाही. पुन्हा हाक. आवाज नाही.

"मग?" काकीनं विचारलं.

"मग माझं पाय दुखाय लागलं. पायरीवर बसले. पिठलं गरम हुतं वो." छबूबाईनं पदर तोंडाशी धरला. "मीच खाल्लं. समदं. भाकरीचा तुकडा बी ठेवला न्हाय. तेवढ्यात भावजींनी कडी काढली. बघत्यात तर मी बोटं चाटतीया."

तात्यांच्या तोंडातून "अरे देवा" निघालं. काकी मात्र इतकी हसली की ओसरीवरची कोंबडी उडाली.

"काय म्हणलं मग?"

"काय म्हणणार? म्हणलं, 'माझ्यासाठी काय उरलंय का?' मी म्हणलं, 'वैष्णवीला इचारा, मी जरा निरवांगीला जाऊन येते.'"

छबूबाई मुक्कामाला राहिली. पहिले दोन दिवस ती सारखी फोनकडं बघायची. कुणी बोलावलं तर? आप्पांच्या गोळ्या कोण देईल? काकीनं तिला समजावलं नाही, शिकवलं तर मुळीच नाही. तिला मिरच्या खुडायला रानात नेलं, आणि दुपारी लिंबाखाली दोन बाजा टाकल्या. तिसऱ्या दुपारी मी पाणी द्यायला गेलो तर दोघी विहिणी शेजारी शेजारी घोरत होत्या. एकीचा आवाज खाली गेला की दुसरीचा वर यायचा.

आप्पांचा फोन आला तो तात्यांना. "गेणूराव, तुमच्या बायकोनं आमची छबूबाई बिघडवली. लई बिनघोर झालीय ती." तात्यांनी घाबरून दहा वेळा माफी मागितली. मग आप्पांचा आवाज जरा खाली आला. त्यांनी विचारलं, पिठल्यात पाणी आधी घालायचं का बेसन? वैष्णवी ऋषिराजबरोबर बारामतीला गेली होती आणि आप्पा स्वयंपाकघरात एकटेच उभे होते. तात्यांनाही माहीत नव्हतं. ते लिंबाखाली विचारायला गेले. दोघींपैकी कुणी उठलं नाही.

छबूबाई परत निघाली त्या दिवशी आम्ही सगळे फाट्यावर गेलो. तात्यांनी पिशवीत डाळिंबं भरून दिली होती आणि गाडी यायच्या कितीतरी आधीपासून रस्त्यावर वाकून बघत होते. दोघी मात्र जरा लांब, मोरीच्या कठड्यावर बसून पेरू खात होत्या. एसटी आली. तात्यांनी दोन्ही हात हलवले, ओरडले, पण गाडी भरलेली होती. ड्रायव्हरनं हातानंच नाही म्हटलं आणि धूळ उडवत निघून गेला. तात्या थोडं अंतर तिच्यामागं पळाले. मग धापा टाकत परत आले आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "गेली! आता वं?"

छबूबाईनं पेरूची बी थुंकली. "दुसरी येईल की, तात्या."

"आन् न्हाय आली तर?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं. काकीनं पिशवी उचलली, छबूबाईनं चपला पायात सरकवल्या, आणि दोघी बांधानं घराकडं चालू लागल्या. मागं तात्या आणि मी एसटीच्या वाटेकडं बघत उभे राहिलो.